कच्चा लाल

मी एक जुनी तसबीर आहे, आणि माझी वरची बाजू कुठली हे एका बाईखेरीज कुणालाच आजवर नेमकं सांगता आलेलं नाही. मित्रांनो, तुम्हीही मला पाहाल तर मान वाकडी कराल. माझ्यात घर शोधाल, झाड शोधाल, निदान एखादा पक्षी तरी. काही सापडायचं नाही. माझ्यात नुसते जलरंगाचे डाग आहेत, ओघळ आहेत, ओल्या रंगावर मीठ भुरभुरून पाडलेले ठिपके आहेत. शहाणी माणसं अशा चित्राला अमूर्त म्हणतात. आमच्या कटल बेची माणसं काय म्हणत, ते ऐकाल तर हसाल.

मला जिने केलं तिचं नाव नेरिडा पिबस. दिवसा ती कालवांच्या शेडमध्ये सुरीने कालवं उघडायची, आणि उरलेल्या वेळात चित्रं करायची. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर आमची वस्ती, आणि वस्तीच्या पाठीला लांबवर पसरलेलं खाजण. खाऱ्या चिखलात तिथे बुटकी, मांसल पानांची झुडपं वाढतात. वर्षभर त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उन्हाळा सरायला लागला की मात्र ती लाल होतात, आणि लाल म्हणजे किती लाल! सारं खाजण पेटल्यासारखं दिसतं, त्यात काळे हंस चरत असतात, आणि मग एखाद्या आठवड्याच्या पावसात ते सगळं विझून जातं.

नेरिडाची चित्र काढायची रीत जगावेगळी होती. बाकीची मंडळी खाजणासमोर घडीची खुर्ची टाकून बसत. ही गमबूट घालून चिखलात नुसती उभी राहायची, हातात ना कागद ना ब्रश. पाहून पाहून पोट भरलं की बाटलीत तिथलंच पाणी भरून घ्यायची, घरी यायची, खाजणाकडे पाठ करून टेबलाशी बसायची आणि डोळ्यांत उरलं असेल तेवढंच कागदावर सोडायची. शाळेतून आलेली तिची मुलगी रोवीना एकदा म्हणाली, "मम, तू बघून का नाही काढत? सगळे बघून काढतात."

"समोर बसलं की हात नक्कल करत सुटतो, राणी. पाठ केली की जे खरंच दिसलं होतं तेवढंच येतं."

त्या दिवशी टेबलावर होते ती मी. तेव्हा मी नुसता जाड, कोरा कागद होते. तिने मला कपडे धुवायच्या टाकीत भिजवलं, फळीवर ताणून चिकटपट्टीने बसवलं, आणि ओली असतानाच माझ्यावर राखाडी, हिरवट, पिवळसर रंग सोडले. फळी तिरपी करून तिने त्यांना हवं तिकडे जाऊ दिलं. मग पेटीच्या कोपऱ्यातून तिने एक छोटी नळी काढली. किरमिजी रंगाची. ती नळी हातात घेऊन जरा वेळ थांबली आणि तिच्याशीच बोलावं तसं पुटपुटली, "कच्चा आहेस, माहीत आहे मला. पण तुझ्यासारखा दुसरा लाल मिळत नाही, त्याला काय करू?"

आणि तो लाल तिने माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडला. तो पाण्यात असा पसरला की तिचा हातच थबकला. तिने ब्रश खाली ठेवला आणि पुन्हा मला शिवली नाही. तेव्हा मला काय ठाऊक कच्चा म्हणजे काय! मला वाटलं, कोवळा असेल. मोठेपणी होईल पक्का.

नेरिडाचा नवरा डेस चहा घेऊन आला. तो सुतार. हातात सोनं, आणि चित्रांच्या बाबतीत अगदी साधा माणूस.

"हे काय झालं?" त्याने विचारलं.

"झालं नाही. केलं."

"छान आहे. काय आहे?"

"खाजण."

"कुठाय?"

"तुझ्या मागे, खिडकीबाहेर. आयुष्यभर तिथेच आहे."

डेसने वळून खिडकीबाहेर पाहिलं, मग मला पाहिलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "बिस्किट हवंय?" त्या दोघांचा संसार असा होता. त्याला तिची चित्रं कळत नसत आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. ती आनंदात आहे एवढं त्याला कळायचं आणि त्याला तेवढं पुरायचं.

शेजारचा लायल होडीवरून परतताना डोकावला. तो तर हसतच सुटला. "काय गं नेरी, बीटरूटचा डबा सांडला की काय? डेस, फडकं आण रे, टेबल खराब होईल!"

"तू निघ इथून, तुझ्या अंगाला माशाचा वास येतोय," नेरिडा म्हणाली. पण तीही हसत होती. त्या दिवसापासून घरात माझं नाव 'बीटरूट' पडलं. पुढे पुठ्ठा, काच आणि चौकट लेवून मी त्या वर्षीच्या गावच्या प्रदर्शनात गेले. केकांच्या आणि भोपळ्यांच्या पलीकडच्या भिंतीवर मला आडवं टांगलं होतं. तरीही मला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका गाईच्या चित्राला गेलं. गाय हुबेहूब होती, हे मला कबूल करायला हवं.

घरी परतल्यावर मला वाटलं, आता आपला थाट. डेसने हौसेने खिळा-हातोडा काढला होता. आणि नेरिडाने मला कुठे टांगावं? धुण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात! घराची ती दक्षिणेची बाजू. तिथे खिडकी नाही, दिवा लावल्याशिवाय तोंडाला तोंड दिसत नाही. माझ्यासमोरून बादल्या जायच्या, ओल्या चादरी जायच्या, कधी कुत्रा जायचा. मला फार राग यायचा. डेसलाही ते पटलं नव्हतं.

"अगं, बक्षिसाचं चित्र, आणि धुण्याच्या वाटेवर? उत्तरेच्या खोलीत लावू या. लोक बघतील तरी."

"नको. तिथेच राहू दे त्याला. तिथेच बरं आहे."

एवढंच. नेरिडाची ही एक खोड होती. आपल्याला जे कळतं ते जगाला कळतच असणार, असं ती धरून चालायची. कच्चा रंग उजेडात टिकत नाही, ही गोष्ट तिला इतकी उघड वाटायची की ती बोलून दाखवावी असं तिच्या मनातच आलं नाही. कधी सांगितलंही असेल म्हणा. पण फुटबॉल चालू असताना सांगितलेली गोष्ट डेसच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून निघून जायची. त्याने आपल्या मनाशी एक अर्थ लावून टाकला, की बायको भिडस्त आहे, तिला मिरवायला आवडत नाही. आणि असा अर्थ लावल्यावर तो तिच्यावर अधिकच माया करायचा.

आता त्या उत्तरेच्या खोलीचं सांगायला हवं. आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, आणि आमचा हिवाळा हाडात शिरणारा. म्हणून उत्तरेची खोली म्हणजे घरातला मानाचा पाट. डेसने लग्नानंतर स्वतःच्या हाताने तिथे जमिनीपासून छतापर्यंत खिडकी बसवली होती, नेरिडाला थंडीत ऊन मिळावं म्हणून. हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्या खिडकीतून थेट मागच्या भिंतीपर्यंत यायचं. तान्ह्या रोवीनाचा पाळणा त्या उन्हात असायचा. टोमॅटोची रोपं तिथे, आजारी कुत्रं तिथे, पाय मोडला तेव्हा लायलसुद्धा तिथेच, आयतं सूप पीत. कटल बेला कुणावर जीव असला की त्याला उन्हात बसवतात. डेसला माया करायची हीच एक पद्धत ठाऊक होती, आणि ती वाईट होती असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

वर्षं गेली. रोवीना मोठी झाली, देशाच्या पार पश्चिमेला कालगुर्लीच्या खाणीवर अजस्र ट्रक चालवायला गेली. मी बोळातच होते. अंधारात, चिडलेली, आणि पहिल्या दिवसाइतकी लाल.

मग एका सकाळी नेरिडा कपडे वाळत घालता घालता पडली. पक्षाघाताचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. इस्पितळातून तिला शेजारच्या गावातल्या शुश्रूषागृहात नेलं. रोवीना धावत आली, आईजवळ काही दिवस राहिली आणि रजा संपली तशी परत गेली. घरात डेस एकटा उरला.

एकटा माणूस घरात फिरतो आणि वस्तूंशी बोलतो. डेस एके दिवशी बोळात दिवा लावून माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं तुला इथे कोंडून ठेवलं," तो म्हणाला. "बास झालं. तिचं सगळ्यात चांगलं काम आहे हे. आता मानाने राहायचं."

आणि त्याने मला उचलून उत्तरेच्या खोलीत, खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावलं. पाणसळ लावून, एक केसभरही तिरकी होऊ न देता.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला तेव्हा फार फार आनंद झाला. माझ्या काचेवर ऊन पडलं, माझा लाल असा उजळला की माझी मलाच नव्याने ओळख पटली. समोर खिडकीतून खरं खाजण दिसत होतं. डेस रोज सकाळी माझ्यासमोर चहा घेऊन बसायचा. माझ्याशी बोलायचा. मला वाटलं, आपले पांग फिटले.

दुखलं असतं तर निदान कळलं असतं. पण रंग जातो तेव्हा दुखत नाही. रोज इतका थोडा जातो की ज्याचा जातो त्यालाही पत्ता लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझा लाल गुलाबी झाला. दुसऱ्यात तो चहा सांडल्याच्या डागासारखा झाला. तिसरा हिवाळा लागेपर्यंत माझ्या मधोमध काय होतं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. आणि डेस? तो रोज बघत होता ना! रोज बघणाऱ्याला काही दिसत नसतं. त्याच्या लेखी मी कालच्यासारखीच होते, आणि काल परवासारखी. लायल यायचा, पण त्याच्या मते चित्र म्हणजे भिंतीचा पोपडा झाकायची वस्तू. तो खिडकीबाहेर वारा कुठला आहे ते बघायचा आणि जायचा.

इकडे नेरिडा हळूहळू सुधारत होती. शुश्रूषागृहातली सेला नावाची टोंगाहून आलेली नर्स तिच्याशी दिवसभर बोलत असे, गाणी म्हणत असे. नेरिडाचे शब्द एकेक करून परत येऊ लागले होते. ते मोडके यायचे, कधी भलतेच यायचे. डेसला ती कधी 'डेस' म्हणायची आणि कधी 'किटली'. तरी बाई बोलायला लागली होती! डेसने अंगणात फळ्या आणून टाकल्या आणि चाकाच्या खुर्चीसाठी दाराला उतार बांधायला घेतला.

मात्र मनातून तो धास्तावलेला होता. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट विचारलं होतं, की बाईंना आजूबाजूचं कळतं का? शेगडी पेटती राहिली तर कळेल का? नसेल कळत, तर होबार्ट शहरात स्मृती गेलेल्यांचा बंद कक्ष आहे, तिथे त्या सुरक्षित राहतील. निर्णय डेसने घ्यायचा होता. त्याने लायलला बोलावलं. दोघं माझ्यासमोरच बसले होते.

"परवा मला किटली म्हणाली रे," डेस म्हणाला. "आत काही उरलंय की नाही, कसं कळायचं?"

"माझी बायको तर मला धडधाकट असताना काय काय म्हणते," लायल म्हणाला. "तू किटली झालास, नशीब समज."

"थट्टा नको, लायल. मी सकाळी कामाला गेलो आणि ती खुर्ची ढकलत शेगडीशी गेली तर? सेला म्हणते, घरातलं काहीतरी नेऊन दाखवा, जिवाभावाचं. कधी कधी ओळख पटते म्हणे." त्याने माझ्याकडे बोट केलं. "हे नेतो. तिचं सगळ्यात आवडतं. हे ओळखलं तर उतार पुरा करतो आणि तिला घरी आणतो."

"आणि नाही ओळखलं तर?"

डेसने अंगणातल्या अर्ध्या उताराकडे नुसतं पाहिलं. पण मी समजले. मी माझ्या आयुष्यात त्या क्षणाइतकी कधी घाबरले नव्हते. समोरच्या खिडकीच्या काचेतलं माझं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि त्यात लाल कुठेच नव्हता.

घोंगडीत गुंडाळून त्याने मला गाडीत घातलं. नेरिडा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. केस पांढरे झाले होते, एक खांदा उतरला होता. पण नजर तीच होती, चिखलात उभं राहून पोटभर पाहणारी. डेसने घोंगडी काढली, मला तिच्या मांडीवर उभं धरलं. सेला बाजूला उभी राहिली.

नेरिडाने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही," ती म्हणाली.

"नेरी, नीट बघ ना. तुझं आहे हे."

"माझं... नाही." डावा हात उचलून तिने माझ्या मधोमध काचेवर बोट ठेवलं. "लाल. लाल कुठे?"

"लाल?" डेसने इकडे तिकडे पाहिलं. "अगं, बाहेर ती गाडी आहे, ती लाल आहे. पण हे बघ ना, खाजण! तू केलेलं."

"फिकं!" ती ओरडली.  "हे फिकं. माझं नाही. नाही!"

"फिकं कुठाय? असंच तर आहे. मी रोज बघतो, नेरी. पहिल्यापासून असंच आहे."

तिने मला जोराने ढकललं. मी पडले असते, सेलाने झेललं. नेरिडा रडायला लागली, आणि रडताना तिला जो एक शब्द सापडला होता तोच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "लाल, लाल, लाल." सेलाने माझ्याकडे पाहिलं, डेसकडे पाहिलं. तिला तरी काय कळणार? तिने मला आधी कधी पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, त्या खोलीत नेरिडाइतकं शहाणं कुणी नव्हतं. ती जे म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि तो खरा आहे हे तिच्याखेरीज मलाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

त्या संध्याकाळी डेसने रोवीनाला फोन केला. "तिने ओळखलं नाही, बेटा," तो म्हणाला.  "स्वतःचं चित्र ओळखलं नाही. मलाच शिव्या दिल्यासारखं करायला लागली. आता काही अर्थ नाही." अर्ध्यावरचा उतार त्याने मोडला नाही, पुराही केला नाही. त्या फळ्या हिवाळ्याच्या पावसात काळ्या पडल्या. नेरिडाला होबार्टच्या बंद कक्षात नेलं.

रोवीना आली ती वसंत लागताना. येते येते म्हणत तीन वर्षं गेली होती, आणि आता आईला बंद दारामागे ठेवल्यावर तिला राहवेना. बॅग खाली ठेवून ती उत्तरेच्या खोलीत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"डॅड, बीटरूट कुठाय?"

"तुझ्या समोर काय आहे मग?"

"हे नव्हे रे. बीटरूट. मी शाळेतून आले तेव्हा मम करत होती ते. लाल होतं ते, एवढं लाल की मला हात लावावासा वाटला होता."

"तू पण सुरू झालीस?" डेस एकदम चिडला. "तुझी आईसुद्धा लाल, लाल..."

तो मधेच थांबला. रोवीनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "मम काय म्हणाली?"

डेसने माझ्याकडे बोट केलं. रोवीनाने मला भिंतीवरून उतरवलं, टेबलावर पालथं घातलं, सुरीने मागची कागदी पट्टी कापली. काचेखाली माझ्या चारही बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याची रुंद पट्टी होती, माझ्या कडा झाकणारी. ती पट्टी तिने उचलली.

दोन्ही टोकांना, बोटभर रुंदीचा, तो लाल होता. ओला वाटावा असा. नेरिडाने नळी ठेवून दिली त्या दिवशीचा. आणि त्या दोन काठांच्या मधे मी, वाळलेल्या चहाच्या डागासारखी.

"उन्हात ठेवलं होतंस, डॅड?"

"सगळ्यात चांगल्या जागी ठेवलं होतं गं," डेस म्हणाला. मग तो खुर्ची न बघताच खाली बसला, जमिनीवर.  "ती बरोबर बोलत होती," तो म्हणाला. "रोवीना, ती बरोबर बोलत होती. आणि मी सगळ्यांना सांगितलं, की तिला काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही होबार्टला गेलो. आकडे दाबल्याशिवाय न उघडणारं दार होतं. आतल्या लांबट खोलीत टीव्ही लावलेला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. एक पोरगेलासा परिचारक म्हणाला, "नेरिडा? ती फार शांत आहे हो. काही त्रास नाही तिचा. आल्यापासून बोलतच नाही." 

त्याने मला तिच्या मांडीवर ठेवलं. काच नव्हती, चौकट नव्हती. मी पुन्हा नुसता कागद होते. नेरिडाने पाहिलं. डाव्या हाताचं बोट तिने माझ्या काठावर टेकवलं आणि त्या लालावरून सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"हं," ती म्हणाली. "माझं."

रोवीनाने तोंडावर हात धरला. डेस गुडघ्यांवर बसला होता. "हो. तुझंच. तू सांगितलं होतंस मला, नेरी."

"सांगितलं," ती म्हणाली. मग तिने मान वर केली, त्या बंद दाराकडे पाहिलं आणि परत त्याच्याकडे. शब्द गोळा करायला तिला फार वेळ लागला. "मग... मला... का?"

माझ्याबद्दल माणसांनी नाना प्रश्न विचारलेत. हे काय आहे, वर कुठलं, सांडलं की काय. पण असा प्रश्न मी दुसरा ऐकला नाही.  डेस तिचा हात धरून रडत राहिला.

त्या दिवशी तो घरी आला आणि काळ्या पडलेल्या फळ्या काढून नव्या ठोकायला लागला. लायल आला, न बोलता दुसरा हातोडा घेऊन बसला. परवानग्या, तपासण्या, सह्या यांत उन्हाळा गेला, आणि खाजण पेटायच्या सुमारास नेरिडा घरी आली. आता उत्तरेच्या खिडकीत ती बसते. तिला ऊन सोसतं, आवडतंही. मी परत बोळात आहे, आणि आता मला त्याचा राग येत नाही.

पण मित्रांनो, सगळं नीट झालं असं सांगून तुमची समजूत घालणार नाही. सेलाने गाणी म्हणून म्हणून जे शब्द परत आणले होते, ते त्या बंद कक्षात कुणी वापरलेच नाहीत. तिथे कुणी काही विचारत नव्हतं आणि ती काही सांगत नव्हती. त्यांतले मोजकेच तिच्याबरोबर घरी आले. 'किटली' सुद्धा गेला. डेस म्हणतो, तिने एकदा तरी मला किटली म्हणावं, मी गावभर साखर वाटीन.

तो आता काही करायच्या आधी तिच्यासमोर बसतो. "नेरी, दार उघडं ठेवू की लावू?" असं विचारतो आणि थांबतो. पूर्वी तो तिच्या वतीने आपणच उत्तर देऊन टाकायचा. आता चहा निवला तरी चालतो. कधी तिचा शब्द येतो, कधी नुसतीच मान हलते, आणि कधी काहीच येत नाही. तेव्हाही तो थांबलेला असतो.

म्हणून माझी तुम्हाला एक विनवणी आहे. कुणावर जीव असला तर तो जरूर लावा, पण त्याला काय सोसत नाही ते त्यालाच आधी विचारा. आणि तो मोडक्यातोडक्या बोलीत 'नाही' म्हणाला, तर त्याला वेड्यात काढण्याआधी एकदा काच काढून, पुठ्ठा उचलून बघा. ही तसदी कुणी वेळेवर घेतली असती तर आमच्या घरातला तो एक हिवाळा तरी वाचला असता. माझा लाल गेला तो गेला. तरी काठाखाली बोटभर शिल्लक होता, म्हणून नेरिडाला न्याय मिळाला. तिच्या हरवलेल्या शब्दांना असा झाकलेला काठ कुठेच नव्हता.